नाण्याच्या खाचेपर्यंत नेलेली हिरवी वायर

अकोल्यात माझ्या मित्राची रसवंती आहे. तिथे ठेवायला आम्ही दोघांनी खेळाची एक मशीन बनवली. नाणं टाकायचं, दांडा फिरवायचा, बटणं दाबायची. खोका प्लायवूडचा, पडदा जुन्या टीव्हीचा. सुतारकाम त्याचं; वायरिंग माझं, अमरावतीत माझ्या घरी.

नाणं ओळखणारा डबा बारा व्होल्टवर चालतो, खेळाचं सर्किट पाचावर. बारा व्होल्ट तिकडे गेले तर सर्किट जळतं, म्हणून दोघांना वेगळं ठेवणारा एक छोटा भाग मी मध्ये बसवला. पण खरी काळजी नाण्याच्या खाचेभोवतीच्या पत्र्याची होती. प्रत्येकाचा हात त्याला लागणार. म्हणून पॉवर सप्लायच्या लोखंडी पेटीला आणि त्या पत्र्याला अर्थिंगची हिरवी वायर जोडली, आणि ती तीन पिनांच्या प्लगमध्ये आणली. त्याच्या दुकानात अर्थिंग नव्हतं.

"अर्थिंगचा गड्डा केल्याबिगर मशीन चालू करू नको," मी बजावलं. "कोळसा, मीठ, पाइप, सारं सांगतो तसं."

"करतो न बे. मीठ खड्याचं पाह्यजे का बारीक?"

काही दिवसांनी त्यानं फोटो पाठवला. खड्डा, त्यात उभा पाइप, पाइपाला हिरवी वायर. मला इतकं बरं वाटलं की बायकोलाही दाखवला. एकदा जाऊन टेस्टर लावायला हवा होता. अकोला काही लांब नाही. नाही गेलो.

मे महिन्यात एका लग्नासाठी गेलो, तेव्हा दुकानात डोकावलो. मशीनपुढे लाकडी पाट ठेवला होता आणि पोरं त्यावर उभी राहून खेळत होती. शेजारच्या कूलरचं पाणी फरशीवर पसरलं होतं. आतली जोडणी बघावी म्हणून मी ओल्यातच गुडघा टेकला आणि पत्र्याला हात लावला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

मागे जाऊन प्लग पाहिला. वरची जाड, अर्थिंगची पिन तोडून तो कूलरच्याच दोन पिनांच्या बोर्डात खुपसला होता.

"गड्डा कुठी हाय?"

"फोटो त पाठवला होता तुले."

"कोनाचा होता?"

तो ग्लास विसळत राहिला. "मागच्या कॉम्प्लेक्सचा. गड्डा त गड्डाच असते."

"अन् हा पाट?"

"पोरं म्हनत, हात झिणझिण करते. म्हनून टाकला. तू त मास्तरच राह्यला बे. अकोल्यात कोनता कूलर शॉक देत नाई? लोकं चप्पल घालते, हात लावते."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मला मात्र दुसरंच कळलं. जमिनीत न पोचलेली ती हिरवी वायर आतल्या पेटीवर झिरपणारा करंट थेट पत्र्यावर आणत होती. मी ती जोडली नसती, तर तो आत खोक्यातच राहिला असता. उद्या आतली एखादी वायर सोलली गेली असती, तर नुसत्या झिणझिण्यांवर भागलं नसतं.

मी प्लग उपटला.

"धंद्याच्या दिवसात? मशीन तुह्या एकट्याची हाय का?"

"अर्धी माही हाय," म्हणत मी स्क्रू काढले आणि नाण्याचा डबा पिशवीत घातला. पोरं हातात नाणी घेऊन बघत होती. तो म्हणाला, "मंग पुन्यांदा इकडं येऊ नको."

गेलो नाही. मशीन चालू होती तेवढ्या दिवसांत कुणाला काही झालं नाही, असं त्यानं फोनवर एकदा सांगितलं. पण तेही मी त्याच्याच तोंडून ऐकलं आहे.