अधिकबाई आणि पाठीमागची खुर्ची

आत्याच्या खोलीत दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या असतात. एक तिची, भिंतीकडच्या टेबलाशी. दुसरीवर कुणी बसायचं नाही. लहानपणी मी एकदा बसले, तर आत्या मान न वळवता म्हणाली, "ऊठ गं. तिला लागते ती."

"कुणाला?"

"टकटकीला."

टकटकी म्हणजे आत्याची कचेरीतली जोडीदारीण. समुद्राचे नकाशे करणाऱ्या कचेरीत दोघी आकडेमोड करायच्या. पुरुष बोटीने जाऊन पाण्याची खोली मोजून आणत आणि या दोघी ते आकडे शुद्ध करत. मोजताना भरतीने पाणी जेवढं चढलेलं असेल तेवढं वजा करायचं, मग उरेल ती नकाशावरची खोली. एकच पान दोघींनी वेगवेगळं सोडवायचं, तेही पाठीला पाठ लावून, एकीने दुसरीचं न बघता. दोन्ही उत्तरं जुळली तरच साहेब आकडा नकाशावर चढवणार.

आत्याची खोड एकच. घाईत ती वजा करायच्या जागी अधिक करायची. कागदावर एवढीशी चूक, पण त्या खोलीच्या भरवशावर आलेलं जहाज गाळात रुतणार. नशीब एवढंच, की ती पुटपुटत गणितं करायची आणि टकटकीचे कान तिखट होते. आत्या चुकली की पाठीमागे टेबलावर पेन्सिल तीनदा वाजायची. पुन्हा बघ. बरोबर असलं की दोनदा.

"अधिकबाई," डबा खाताना टकटकी म्हणायची, "तुझ्या नकाशावर समुद्र नुसता खोलच खोल. तळ कुठे ठेवलास, बाई?"

"तुझ्या डोक्यात!"

असं सात वर्षं चाललं. आत्याचं एकही पान कधी परत आलं नाही. साहेब तिचं कौतुक करायचे आणि टकटकी गालातल्या गालात हसायची.

टकटकीला मात्र आकड्यांपेक्षा ते येतात कुठून हे बघायचं होतं. तिने बोटीवर जायला अर्ज केला. तोवर त्या कचेरीतून एकही बाई बोटीवर गेली नव्हती. साहेबांनी आत्याला बोलावलं.

"तुम्ही तिला जवळून ओळखता. झेपेल तिला?"

आत्याला त्या क्षणी टकटकी दिसलीच नाही, दिसली ती रिकामी खुर्ची. पाठीमागे दुसरंच कुणीतरी बसलेलं, जे टकटक करणार नाही. मग पानं परत येतील, सगळी.

"तिला बोट लागते, साहेब," आत्या म्हणाली.

अर्ज परत आला, वर शेरा तसाच लिहिलेला, आत्याच्या नावानिशी. टकटकीने तो वाचला आणि वळून आत्याकडे पाहिलं.

"मला बोट लागते? अगं, मी अजून बोटीत पाय तरी ठेवलाय का?"

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल वाजायची थांबली. आत्याची पानं परत येऊ लागली, एका आठवड्यात अकरा. खाली मान घालून ती वजाबाकी शिकली. तोपर्यंत टकटकी नोकरी सोडून गेली होती. आत्याने पत्रं पाठवली, ती न उघडताच परत आली. काही वर्षांनी कळलं, टकटकी वारली.

आणि पेन्सिल पुन्हा वाजू लागली.

"भास असतील गं," मी एकदा म्हटलं.

"भास असते तर कधीतरी दोनदा वाजली असती," आत्या म्हणाली. "ती फक्त तीनदाच वाजते."

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीची, भिंगरीची, समुद्राचा तळ मोजणाऱ्या बोटीवर निवड झाली. तीन आठवड्यांचा प्रवास. संमतीपत्रावर बाबांची सही हवी होती आणि बाबांचं आपलं ठरलेलं, "ताई म्हणेल तसं. ती होती ना त्या खात्यात."

भरदुपारी आम्ही तिघं आत्याकडे गेलो. बाबांनी कागद पुढे केला. "ताई, पाठवू का हिला?"

आत्याने भिंगरीकडे पाहिलं. घरात रोज येऊन तिच्याबरोबर गणितं सोडवणारी ही एकच.

"एक वर्ष थांबू दे," ती म्हणाली. "हिला बोट लागेल."

भिंगरीचा चेहरा खर्रकन उतरला. रागाने ती दिसेल त्या खुर्चीवर धपकन बसली. त्याच खुर्चीवर. मी डोळे मिटले.

खोलीत आवाज झाला. टक, टक, टक.

आत्याने टेबल घट्ट धरलं. "कुणी शिकवलं तुला हे?"

"काय?"

"टकटक!"

"मी काहीच केलं नाही, आत्या." भिंगरीने दोन्ही हात वर केले. हातात पेन्सिल नव्हती. बाबा पंख्याकडे बघत होते. मी दाराशी उभी होते, आणि मला काही ऐकू आलं नाही असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

आत्या पुटपुटायला लागली. आधी वाटलं, आकडे आहेत. मग शब्द कळले. "पुन्हा बघ. पुन्हा बघ." मग भिंतीकडे तोंड करूनच तिने सगळं सांगितलं. साहेब, शेरा, ती अकरा पानं. आम्हाला टकटकी ठाऊक होती, पण हे कुणालाच नव्हतं.

"बोट लागणार म्हणून नाही थांबवलं हिला," ती शेवटी म्हणाली. "ही गेली की माझ्या पाठीमागे कोण उरेल, म्हणून. दुसऱ्यांदा तेच अधिक केलं मी. सही कर रे."

बाबांनी सही केली.

"आणि खरंच लागली बोट तर?" भिंगरीने विचारलं.

"तर एका हातात बादली धर आणि दुसऱ्या हाताने आकडे लिही. पण भरती वजा कर हं, बाई."

भिंगरी गेली त्याला आज नववा दिवस. मी रोज आत्याकडे डोकावते.

"वाजली का?"

"नाही."

"मग सुटलीस ना!"

"सुटतेय कसली. दोनदा वाजायला हवी. ताळा करायला दोन पानं लागतात. दुसरं पान अजून समुद्रात आहे."

आणि ती पुन्हा भिंतीकडे वळून बसते, कान मागे लावून.