धुतलेली काजळी

मिठागरात पंचवीस वर्षं काढलेला माणूस स्वच्छतेच्या बाबतीत हट्टीच असतो. शिवराम मढवी ज्यावर राबत, ते मिठागर न्हावा शेवा बंदराच्या जागेत गेलं आणि पन्नाशी उलटल्यावर ते रबाळ्याच्या एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागले. या वयात कोण ठेवून घेतो? ती शेड चालवणाऱ्या सुमेधा मॅडमनी ठेवून घेतलं, याचं त्यांना रोज नवल वाटे.

तिथलं काम अजबच होतं. बंद टाकीत ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विजेचा लोळ पेटवायचा. त्या आचेने कार्बनची वाफ होई आणि टाकीच्या भिंतींवर काजळी धरे. एका कांडीच्या टोकाला करडा गोळाही साचे. तो मॅडम बाटलीत जपून ठेवत, वर चिठ्ठी डकवत. माल तो हाच, असं शिवरामांनी ठरवून टाकलं. विचारायचं कशाला, डोळ्यांना दिसतंय की!

१९९६ ची खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा म्हणून शिवराम सगळ्यांच्या आधी हजर. टाकी उघडून त्यांनी आठ दिवसांची काजळी काथ्याने घासली, साबणाने धुतली, गटारात सोडली आणि वर झेंडूची माळ घातली.

मॅडमनी आत डोकावलं आणि त्या स्टुलावर बसल्याच.

"काका, काजळी कुठाय?"

"धुतली, मॅडम. घान होती ना?"

"तोच माल होता, काका. नव्या जातीचा कार्बन त्या काजळीतच असतो; बाटलीतला गोळा नुसता तपासायला ठेवते."

त्या काजळीचा नमुना परवा गिऱ्हाइकाकडे जायचा होता. तो पसंत पडला, तरच किलोंनी माल काढणारी मोठी टाकी बसणार होती. नोकरी गेलीच, असं शिवरामांनी धरलं.

मॅडमनी आधी त्यांना नारळ फोडायला लावला. मग मालक जयप्रकाश शेठना फोन केला. "नमुन्याला उशीर होईल. चूक माझी आहे."

पुन्हा तेवढी काजळी धरेपर्यंत, पुढचे आठ दिवस शिवराम टाकीपाशीच जेवले. नमुना गेला, पसंत पडला. शेठ पेढे घेऊन आले आणि मॅडमना हसत म्हणाले, "तेवढा उशीर सोडला, तर उत्तम!"

शिवरामांना राहवेना. "शेट, मॅडमची चूक नव्हती. टाकी मी धुतली."

शेठनी मॅडमकडे पाहिलं.

"माल कोणता, ते मीच सांगितलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या टाकीवर मला हेच काका हवेत."

शेठनी मान डोलावली आणि पेढा पुढे केला. शिवरामांनी तो हातातच धरला.

"मॅडम," ते म्हणाले, "मिठागरान चूक मुकादमाची असली तरी बोलनी आमीच खाल्ली. माजी चूक कोनी आपल्या अंगावर घेतली, ते आज पयल्यांदा पायला."