ढगातून आलेला हात

आमच्या शेजारचे कापडवाले अप्पा एका चित्राला जेवढे भ्यायचे, तेवढं गावात कुणी सापालाही भ्यालं नसेल. आणि ते चित्र त्यांनी स्वतःच दुकानात, बसायच्या गादीसमोर टांगलं होतं. मिशनच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर गाव सोडताना आठवण म्हणून देऊन गेलेले. कुण्या नव्या धाटणीच्या परदेशी चित्रकाराचं, दगडावरून छापलेलं शिळाछाप चित्र, नुसतं काळं-पांढरं. गोष्ट बायबलातली. देवानं परीक्षा पाहायला बापाकडं पोटचा मुलगा मागितला. बापानं त्याला सरणावर बांधून सुरी उगारली, तेव्हा देवदूतानं त्याला थांबवलं. पण या चित्रकारानं देवदूत काढलाच नव्हता. ढगातून आलेला, बापाचं मनगट धरलेला एक हात, बस. आणि बापाच्या डोळ्यांच्या जागी दोन खळगे.

अप्पा रोज दुकान उघडलं की कापड मोजायचा गज घेऊन सुरीपासून पोराच्या गळ्यापर्यंतचं अंतर मोजायचे. उदबत्ती ओवाळायची ती फक्त ढगातल्या हाताला. सोनपेठच्या बाजाराहून कुणी लुगडं बघायला आलं, तर आधी विचारायचे, "तुमी बघा बरं, पकड ढिली पडायलीय का?" बायका लेकरांच्या डोळ्यांवर पदर धरून खरेदी करायच्या. आम्ही हसायचो. मात्र एका दुपारी दुकानात मी एकटाच होतो, आणि मलाही वाटलं, त्या हाताचं एक बोट उघडलंय. त्यानंतर चित्राकडं पाठ करून बसायची माझी छाती झाली नाही.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा एका सकाळी अप्पा म्हणाले, "सुरी खाली आलीय." दुपारी चावडीपुढं जमाव जमला. अप्पांचा तरणा मुलगा दिवाबत्तीच्या रॉकेलचा डबा न्यायला दुकानात आला. अप्पा गादीवरून उतरले आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"सोडा अप्पा, लोक थांबलेत."

"न्हाई."

"हात मोडंल माझा."

"मोडू दे."

जमाव पुढं गेला. वेशीबाहेरच्या दलित वस्तीवर धूर चढला, तरी अप्पांनी धरलेलं सोडलं नाही. दिवेलागणीला सोडलं, तेव्हा पोराच्या मनगटावर त्यांची बोटं काळीनिळी उमटली होती.

दुसऱ्या दिवशी अप्पा कापडाचा तागा खांद्यावर घेऊन वस्तीवर गेले. मी सोबत होतो. जळक्या खोपटापुढं बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "तुमचं पोरगं कुठं होतं काल?"

"माझ्या हातात," अप्पा म्हणाले.

कापड काही तिनं घेतलं नाही. अप्पा तागा घेऊन परत आले, आणि त्यानंतर चित्राला त्यांनी कधी गज लावला नाही.

बाप-लेकाचं बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच. पुढं अप्पांचे हात लय थरथरू लागले, कापड सरळ फाडता येईना. तेव्हा मुलगा मुकाट्यानं समोर येऊन बसला आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरू लागला. अप्पा वारेपर्यंत दुकानातून दोघांचं एवढंच बोलणं आमच्या घरी ऐकू यायचं:

"धरलंस का?"

"धरलंय."