डॉक्टरांचा आवडता शब्द

प्लेगच्या छावणीत मुंबईचे विद्यार्थी घेऊन येणारे ते डॉक्टर आमच्याच बेळगावचे, पण वॉर्डात इंग्रजीच बोलत. रोग्यांच्या घरच्या बायकांशी बोलायला मला, छावणीतल्या नर्सला, पुढं करत. रोग्याचं नाव ते कधी विचारत नसत. डोळे मिटून दोन बोटांनी गाठ चाचपत आणि ती पुस्तकाबरहुकूम निघाली की खुशीनं म्हणत, "ब्यूटिफुल!"

एकदा वडगावच्या विणकर बाईच्या पोराची गाठ पाहून ते तसंच म्हणाले. पोरगा संध्याकाळ काढणार नाही, हेही विद्यार्थ्यांना इंग्रजीतच सांगितलं. बाईचा चेहरा मात्र उजळला. तिनं विणलेली साडी पसंत पडली की गोऱ्या मडमा हाच शब्द म्हणत.

"बरं हाय म्हनायचं पोर! साडी मागावर टाकून आलते. सांजंला येते गं."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते पहिल्यांदाच मराठीत बोलले, अगदी हळू. "असू दे तसंच. रडारड झाली की मुलांचं लक्ष उडतं."

मी धावत जाऊन दारात बाईचा हात धरला. "आक्का, साडी राहू द्या. पोराजवळ बसा."

"का गं? सायब चांगलं म्हनाले न्हवं?"

आत ते विद्यार्थ्यांना गाठीचं चित्र काढायला सांगत होते.