बकरीमार्फत बोलणारे भासरे

माझ्या भासऱ्यांइतका विजेला भिणारा माणूस अख्ख्या खामगावात झाला नसेल. भासरे म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. उभं आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या धडधडाटात गेलेलं. पण मुंबईला त्यांच्या छातीत, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, हृदय चालवायचं यंत्र बसवलं आणि डॉक्टरांनी विजेच्या मोठ्या मोटारींपासून लांब राहायला सांगितलं. तेव्हापासून पिठाच्या गिरणीवरून जातानाही ते छातीवर हात धरून पलीकडच्या कडेनं चालत. घरात रेडिओ लागला की अंगणात जाऊन बसत. यंत्राला ते पाहुणे म्हणत. "पाहुणे झोपले हायेत, हळू बोला."

आमच्यात भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिनंही त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही. म्हणून ते दाराशी बांधलेल्या बकरीशी बोलत. "बकरीबाई, वरणात मीठ टाकाची पद्धत बंद झाली काय, इचार बरं." मी पदराआडून बकरीलाच सांगे, "मीठ हाय म्हणा. बिडीनं जीभ जळली त्याले मी काय करू." ते खुदकन हसत. बकरी चरायला गेली की आमचं बोलणं अर्धवट राही.

मग त्यांच्या गळ्याला डाव्या बाजूनं कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरच्या दवाखान्यात किरणांचा शेक द्यायचं ठरलं. मालक औषध आणायला गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "शरीरात कुठं यंत्र बसवलंय का?" भासऱ्यांनी बंडीची गुंडी लावली आणि नाही म्हणाले. यंत्र काढून घेतील, ही भीती. मी दाराशी उभी, आणि बकरी घरी. शेवटी चौकटीलाच म्हटलं, "चौकटीबाई, डॉक्टरसायबाले सांगा, यायच्या छातीत यंत्र हाय."

डॉक्टर आधी चौकटीकडे पाहू लागले, मग त्यांनी बंडी काढायला लावली. "बाबा, यावर किरण पडले असते तर हे मधेच बंद पडलं असतं. काढून घेत नाही, फक्त डावीकडून उजवीकडं बसवतो." तसं केलं, मगच शेक दिला, रोज नाडी पाहून. यंत्र शेवटपर्यंत नीट चाललं.

घरी आल्यावर मी चहा ठेवला, तर ते थेट मलाच म्हणाले, "बाई, तुम्ही माह्यासाठी बोलल्याच, तं आता आडून कायले बोलाचं. बसा."

मी जमिनीवर बसले. पण सरळ बोलायचं म्हटल्यावर दोघांनाही काही सुचेना. ते कपात पाहत राहिले, मी पायाच्या बोटांकडे. पुढं रोज तसंच झालं. ते बसा म्हणत, मी बसे, चहा संपे. वर्षभरात गाठ पुन्हा आली आणि ते गेले.

शेकाच्या खोलीत एकटं असताना भीती वाटायची का, गिळताना किती दुखायचं, कितीतरी विचारायचं होतं. ते समोर बसलेले असत, आणि मी कप उचलून आत जाई.