रामटेके सर आणि न्यासाचा चित्रकलेचा वर्ग

आदरणीय प्रल्हाद रामटेके सरांना मी प्रथम पाहिले ते पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ मधल्या सभागृहात, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगारांनी उभारलेला आमचा न्यास तेव्हा फक्त इंजिनिअरिंग आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मदत करीत असे. सर न्यासाचे सचिव होते. मी माझ्या गावाहून, अहिवाऱ्याहून, आले होते आणि अर्जात नर्सिंग लिहिले होते.

फाइल चाळताना सर मागच्या पानांवर थांबले. तिथे मी चुनखडीच्या खाणीतल्या बायका पेन्सिलीने काढल्या होत्या.

"हे कोणं काढलं?"

"मीच, सर."

"मंग नर्सिंग कावून लिवलं?"

"चित्रकलेले मदत भेटत नाही ना."

शेजारचे विश्वस्त डोंगरेबाबू लगेच म्हणाले, "चित्रं काढून पोट भरते का? पोरीची जिंदगी नको बिघडवू, प्रल्हाद."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. आमच्या घरांतून शिकणारी ही पहिली पिढी. तिला पक्की नोकरी लागावी, एवढीच त्यांची तळमळ होती.

सरांनी वाद घातला नाही, पण नियम वाकवून मला मदतही दिली नाही. "नियम बदलला तर सगळ्यायसाठी बदलंल, एकटीसाठी नाही," ते म्हणाले. "तू काढत राह्य."

त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढण्यात हयात गेलेल्या सरांनी स्वतःचा ड्रॉइंग बोर्ड मला दिला. त्यांच्या पत्नी, काकू, मला जेवल्याशिवाय सोडत नसत. वार्षिक सभेच्या दिवशी सरांनी माझी सगळी चित्रे सभागृहाच्या भिंतीवर लावली. त्यांपैकी खाणीत दगड फोडणाऱ्या बाईच्या चित्रासमोर डोंगरेबाबू बराच वेळ उभे राहिले.

"माही माय अशीच बसे गिट्टी फोडाले. घरी तिचा एक फोटो नाही. तुले काढता येईन का, पोरी?"

ते सांगत गेले, मी काढत गेले. कपाळ लहान, हनुवटीवर गोंदण, डावी भुवई तुटकी. दोन कागद त्यांनी नापसंत केले. तिसऱ्याकडे पाहून त्यांनी रुमाल काढला. पुढच्या बैठकीत चित्रकलेच्या शिक्षणाला मदत देण्याचा ठराव डोंगरेबाबूंनी मांडला; सरांनी केवळ अनुमोदन दिले.

ठराव मंजूर झाला आणि न्यासाच्या मदतीने मी कला महाविद्यालयात गेले, पण पहिल्याच वर्षी नापास झाले आणि लाजेने अहिवाऱ्याला जाऊन बसले. सर बसने घरी आले. आईच्या हातचा चहा घेतला, निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही. निघताना एवढेच म्हणाले, "सोमवारी कॉलेज सुरू होऊन राहिलं. मी येतो सोडाले." आणि सोमवारी सकाळी ते खरोखरच दारात उभे होते.

आज न्यासाचा चित्रकलेचा वर्ग सेक्टर १० मध्ये भरतो आणि मी तिथे शिकवते. पंचाहत्तरीचे सर मुलांमध्ये मागे बसून जलरंग शिकतात. परवा एका मुलीने त्यांना टोकले, "आजोबा, लाइन टेढी गेली."

"जाऊ दे," सर समाधानाने हसले. "सरळ काढाची नोकरी संपली आता."

सरांची तब्येत ठणठणीत राहो, त्यांनी शंभरी पार करावी आणि मनसोक्त वाकड्या रेषा काढाव्यात, एवढेच त्यांच्या या विद्यार्थिनीचे मागणे.