जैतूनचा साबण

सई, निखिल, तुमचं पार्सल पोचलं. त्यातली साबणाची वडी हातात घेतली आणि जे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं ते आज लिहायला बसले. हे तुमच्या आजोबांना ठाऊक नव्हतं. तुमच्या आईला आजही ठाऊक नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी हे कधी शब्दांत आणलं नाही — देवीला न सांगता कळत असेल, असं म्हणायची आणि दिवा लावून उठायची.

तुम्ही जहाजानं सहलीला गेलात, मार्सेयला एक दिवस उतरलात. आमच्या वेळी आम्ही त्याला मार्सेल्स म्हणायचो. सईनं चिठ्ठीत लिहिलंय, 'आजी, तू पण या गावात हिंडली होतीस ना? तुझी गोष्ट सांग.'

माझी गोष्ट? ती माझी नव्हती गं. तेच तर सांगायचं आहे.

तुम्हाला कुसुमआजी आठवत असेल. माझी धाकटी जाऊ. दिवाळीला आलात की कोपऱ्यात बसून करंज्यांना मुरड घालायची, कुणी विचारलं तर हो-नाही एवढंच. निखिल लहान असताना म्हणाला होता, 'ही आजी बोलत का नाही?' मी म्हटलं होतं, 'असतो एकेकाचा स्वभाव.'

स्वभाव नव्हता तो.

कुसुम सोनारीची. लग्न होऊन तुळजापूरला आमच्या घरी आली तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. तिचं चार यत्ता शिक्षण परंड्याच्या शाळेत, उर्दूतून. राज्य गेलं आणि ते शिक्षण रद्दी झालं. मी मात्र बी.ए. वडिलांनी मला निजामाच्या शाळेत घालायचं नाही म्हणून सोलापूरला मामाकडं ठेवलं होतं. इंग्रजीत मला बक्षिसं होती. घरात मी थोरली, शिकलेली, टापटिपीची. पण सासूबाई देवीची वस्त्रं धुवायला द्यायच्या ती कुसुमकडं. 'तिचा हात हलका आहे,' म्हणायच्या. मी ऐकून स्वयंपाकघराकडं वळायची. लागलं मात्र होतं.

मग आजोबांना शेतकी खात्याकडून वर्षभरासाठी विलायतेला जायला मिळालं. त्यांचे धाकटे भाऊ, कुसुमचे यजमान, तिथंच डॉक्टरीच्या परीक्षेसाठी होते. मी आणि कुसुम दोघी गेलो. त्या वर्षी — खरं सांगू? — मी सुखात होते. कुसुमला भाजी घ्यायची तर मी हवी, बसचं तिकीट काढायचं तर मी हवी. शेजारीण काही बोलली की ती माझ्या तोंडाकडं बघायची. मी सांगेन तेवढंच जग तिला कळायचं. मला ते आवडत होतं. मी याला मदत म्हणत होते.

परत येताना भावोजी आणखी एका परीक्षेसाठी मागं राहिले, आम्ही तिघं जहाजावर चढलो. मार्सेल्सला जहाज दिवसभर थांबणार होतं. आजोबांना खात्यासाठी अहवाल लिहायचा होता. म्हणाले, 'तुम्ही दोघी जाऊन या. मला काय, बंदर ते बंदर.'

मी सगळं ठरवून ठेवलं होतं. इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक, त्यात खुणा. आधी टेकडीवरचं देऊळ, मग वस्तुसंग्रहालय, मग मोठा रस्ता. धक्क्यावरून जुन्या बंदरात आलो. तोंडाशी दोन बाजूंना दोन किल्ले, मध्ये पाणी, पाण्यात नावाच नावा. कुसुम म्हणाली, 'अक्का, आपल्या परंड्याचा किल्ला उचलून पाण्यात ठिवल्यासारखं दिसतंय बघा.' मासे विकणाऱ्या बायका ओरडत होत्या, आणि वास असा की दोघींनीही पदर नाकाला लावले.

पण रस्ता कुणाला विचारू? पोलिसाला विचारलं, त्यानं खांदे उडवले. दुकानातल्या बाईला विचारलं, ती मैत्रिणीकडं बघून हसली. माझं नीट, बक्षीस मिळालेलं इंग्रजी — तिथं त्याला कुणी विचारीना. फ्रेंच, सगळं फ्रेंच. मी पुस्तक उलटंसुलटं करत राहिले आणि आम्ही चढणीच्या बारक्या गल्ल्यांत शिरलो. वर दोऱ्यांवर कपडे वाळत होते, मध्येच लढाईत पाडलेल्या घरांची मोकळी जागा. आपण हरवलोय हे मी कुसुमला सांगत नव्हते.

तेवढ्यात ती थांबली. एका दुकानाच्या दारात एक म्हातारा बसला होता. डोक्यावर तांबडी, गोंड्याची टोपी. 'अगं बया, रुमी टोपी!' कुसुम म्हणाली. 'आमच्या तहसीलीतले सगळे कारकून हीच घालायचे.' आणि मी काही म्हणायच्या आत ती पुढं गेली आणि त्याला म्हणाली, 'सलाम, चाचा.'

तो उठून उभाच राहिला.

अल्जीरियाकडचा होता तो. हे मला कुसुमकडून कळलं — बघा, मला कुसुमकडून! ती आपली दख्खनी बोलत होती, तो अरबी. वाक्य एकमेकांना कळत नव्हतं, पण शब्द सापडत होते. तिनं बोट दाखवलं, 'साबण?' तो म्हणाला, 'साबून!' ती म्हणाली, 'दुकान.' तो म्हणाला, 'दुक्कान!' मग कुर्सी, मग किताब, मग दुनिया. प्रत्येक शब्द सापडला की दोघं टाळ्या पिटायची, जशी हरवलेली भांडी एकेक करून घरात मिळावीत. आतून त्याची बायको आली. तिनं कहवा केला. आम्ही दोघींनी तो घेतला — मुसलमानाच्या घरचा, म्हणून हे घरी सांगायचं नाही असं तिथंच ठरवलं. मी स्टुलावर बसले होते, पुस्तक मांडीवर. कुसुम मध्येच वळून मला अर्थ सांगायची, 'अक्का, ते म्हणतेत का...' अगदी मी वर्षभर तिला सांगायची तसं. तिच्या मनात काही नव्हतं हो. माझ्या मनात होतं.

दुकानात हिरवट साबणाच्या चौकोनी वड्या रचल्या होत्या, वर अक्षरं ठोकलेली. कुसुमला आत्याबाईंसाठी घ्यायच्या होत्या. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. पण ती तशीच घेणार नव्हती. तिनं डोक्याला दोन बोटांची शिंगं लावली, हंबरली, पोटाची चरबी ओढल्यासारखं केलं आणि साबणाकडं बोट दाखवून डोळे वटारले. म्हातारा हसून हसून वाकला. मग छातीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, बरणीतलं एक हिरवं फळ काढलं, बोटांनी चेपलं, तेल दाखवलं. 'झैतून.' कुसुम ओरडली, 'जैतून! आमच्या हकीमसाहेबांच्या बाटलीतलं! माझ्या आजोबांच्या गुडघ्याला लावायचे!' आणि त्याच्या बायकोनं तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पार समुद्रापलीकडं, आपल्यासारखीच.

मी हे सगळं पाहिलं. लक्षात ठेवा — मी तिथं होते, मी पाहिलं.

जहाजावर तिनं आजोबांना शिंगं लावून दाखवली. ते डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, 'म्हणजे आज दुभाषा कुसुम! आणि आमच्या बी.ए.बाई?' थट्टाच होती. पण मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो. 'आमच्या बी.ए.बाई?'

तुळजापूरला आल्यावर महिनाभर घरात तीच गोष्ट. मी विलायतेतल्या बागा, पूल, ग्रंथालयं यांचं नीट वर्णन करायची. बायका शाळातपासणी असल्यासारख्या मान हलवत ऐकायच्या आणि मग म्हणायच्या, 'कुसुम, ते म्हाताऱ्याचं सांग की गं!' सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. माझ्या कुठल्या बोलण्यावर त्या कधी हसल्या होत्या? मी आठवून पाहिलं. एकदाही नाही.

नवरात्राच्या आधी कुसुमनं त्याच साबणानं देवीची खणाची चोळी धुतली. रिठ्यानं न निघालेला कुंकवाचा डाग निघाला. सासूबाईंनी ती चोळी येईल-जाईल त्याला दाखवली. आणि मग जिल्ह्यातल्याच वाशीहून त्यांची बहीण आली. ती म्हणाली, 'अगं, विलायती साबणात चरबी असते म्हणं. गाईची का कशाची. अन् तू देवीला?'

सासूबाईंचा चेहरा उतरला. कुसुम लगेच म्हणाली, 'न्हाई आत्याबाई, जैतूनचं तेल हाय. मी इचारून घेतलंय. अक्का हुत्या की संगं.' सासूबाईंनी वडी माझ्यापुढं केली. 'थोरले, तू वाच. काय लिहिलंय त्याच्यावर?'

मी वडी हातात घेतली. फ्रेंच मला येत नव्हतं. पण त्यात एक शब्द होता — ऑलिव्ह. इंग्रजीत अगदी तोच आहे, त्याच अक्षरांत. मला तो स्पष्ट दिसला. जैतून म्हणजे तेच, हेही मला ठाऊक होतं. कुसुम माझ्याकडं बघत होती, हसत होती, कारण आता तिची गोष्ट खरी ठरणार होती. मी वाचेन तेच खरं, हे तिनंच वर्षभर मानलं होतं.

मी म्हटलं, 'यात चरबी आहे.'

एवढंच. आवाज चढवला नाही, की काही रंगवून सांगितलं नाही.

तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं असतं तर! तसं नाही पाहिलं. गणित चुकलेली पोर मास्तरांकडं बघते तसं पाहिलं. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. 'मला वाटलं मला त्येचं समजतंय,' म्हणाली. 'मी लई शानी!'

साबण घराबाहेर गेला. चोळी आडाजवळ पुरली. सासूबाईंनी उपास धरले, कुसुमला पंचगव्य दिलं, आणि ते नवरात्र ती देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून होती. नंतर आत घेतलं तिला — पण वस्त्रांचं काम माझ्याकडं आलं ते माझ्याकडंच राहिलं. मला हवं होतं तेच ना ते? सासूबाई होत्या तोवर मी देवीची चोळी रिठ्याच्या पाण्यात धुतली. तो हलक्या हाताचा शब्द त्या मला कधी म्हणाल्या नाहीत. आणि तेव्हाही, त्या गल्लीतल्या कहव्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. खरं गुपित मी राखलं, सांगितलं ते खोटं.

मी समजत होते, मी तिच्याकडून एक काम काढून घेतलं. काय काढून घेतलं ते कळायला वर्षं लागली. बायका म्हणायच्या, 'कुसुम, ते म्हाताऱ्याचं सांग.' ती म्हणायची, 'मला कुठं काय कळत हुतं? अक्का हुत्या म्हणून.' मग बायकांनी विचारायचं सोडलं. भावोजींना पुन्हा परदेशी बोलावणं आलं, या खेपेला दोन वर्षांसाठी. तिला घेऊन जाणार होते. ती नको म्हणाली. 'तिथलं मला उलटंच कळतं,' म्हणाली. ते एकटे गेले. ती पोरांना घेऊन तुळजापूरलाच राहिली, आणि बाजारात भाव विचारायचा तरी मला पुढं करायला लागली. मी पुढं व्हायची.

सांगता आलं असतं का? रोज आलं असतं. एकाच घरात आम्ही एका तव्यावर भाकरी भाजल्या.

गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती. तिची सून चहा आणायला खाली गेली होती. कुसुमनं माझा हात धरला आणि कशाचं काही नसताना म्हणाली, 'अक्का, त्यो म्हातारा मला फसवील असा वाटला न्हाई वो.' इतक्या वर्षांनी! म्हणजे ती तेच घोळवत होती. चरबी नव्हे, देवी नव्हे, उंबऱ्याबाहेरचं बसणं नव्हे. तो माणूस. ज्याचं बोलणं आपल्याला कळलं असं तिला एका दुपारी वाटलं होतं.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. पूर्वीसारखीच.

मी म्हटलं, 'असतात गं अशी माणसं.'

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. दोन दिवसांनी ती गेली.

तुमची वडी आता माझ्यापुढं टेबलावर आहे. तशीच हिरवट, चौकोनी, तशीच अक्षरं ठोकलेली. मी चष्मा लावून सगळ्या बाजू वाचल्या. चरबी असं कुठं लिहिलेलं नाही.

तेव्हाही नव्हतं.